बकुळाला वास नव्हता

डुकराला वास नसतो. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांना ऐकवलं आहे आणि इतके जण माझ्या तोंडावर हसले आहेत, की आता म्हातारपणी ते एकदा लिहूनच टाकते. निदान वाद घालायला कोणी समोर नसेल. वास असतो तो त्याच्या घाणीला, आणि त्याला ज्या गटारात आपण सोडून दिलेलं असतं त्या गटाराला. आपल्यासारखा घाम त्याला सुटत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते बिचारं अंग थंड करायला चिखल शोधतं. मग लोक म्हणतात, बघा, जातच घाणेरडी. परवा नातीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा परदेशातली बाई गुलाबी डुकराला टबात बसवून साबणाच्या फेसानं न्हाऊ घालत होती, आणि डुकराच्या गळ्यात रिबीन. "आजी, बघ ना, कसलं गोड आहे!" मी बघितलं आणि म्हटलं, "त्या बाईला सांग, रोज साबण लावला तर त्याची कातडी फुटेल." नात म्हणाली, "तुला गं काय माहीत?" मी विषय बदलला. मुलुंडच्या या चौदाव्या मजल्यावर मला सगळे स्वच्छतेचं वेड असलेली म्हातारी म्हणून ओळखतात, तेवढं पुरे आहे.

तेव्हा आम्ही विक्रोळीला राहत होतो. खाडीच्या बाजूला उतारावर एक बैठी चाळ होती, तिच्यातली शेवटून दुसरी दीड खोली आमची. बाबा एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते आणि आई एका दवाखान्यात वॉर्डातली आया. थोरला भाऊ गावी आत्याकडे राहून शिकत होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. चाळ जवळजवळ सगळी कोकणातली, त्यांच्यात आमचं एकच बौद्धांचं घर. भांडण कुणाशी नव्हतं. गणपतीत आरतीला बाबांना टाळ मिळे, लग्नात पहिल्या पंगतीला बसवत. पलीकडच्या सावंतकाकू अडीअडचणीला साखर, कांदे, आगपेटी काहीही मागायला येत, पण आईनं दिलेला शिरा "उपास आसा गो आज" म्हणून परत करत. आठवड्यात त्यांचे उपास किती असायचे याचा हिशेब मी एकदा केला होता आणि आईनं मला गप्प बसवलं होतं. आई स्वतः दिवसातून दोनदा आंघोळ करी. तिची दवाखान्याची पांढरी साडी रोज खळ लावलेली. आमची जमीन इतकी लख्ख असे की चाळीतल्या बायका कौतुक करत, आणि त्या कौतुकात थोडं आश्चर्य असे. ते आश्चर्य आईला बरोब्बर कळायचं. मला मात्र फार उशिरा कळलं.

बकुळा आली ती बाबांच्या डब्याच्या पिशवीतून. पालिकेची गाडी त्या आठवड्यात खाडीकाठची डुकरं धरून गेली होती. एक पिल्लू तिवरांजवळच्या सिमेंटच्या पाइपात अडकून मागे राहिलं. बाबा दोन दिवस कामावर जाता-येता त्याचं ओरडणं ऐकत होते, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाइपात हात घालून त्यांनी ते बाहेर काढलं. पिशवी उघडली तेव्हा आत माझ्या वितीएवढं काळं-करडं काहीतरी होतं, आणि डब्याच्या झाकणाला लागलेला भात चाटत होतं.

"अहो, कुत्रं आणायचं होतंत, मांजर आणायचं होतंत," आई म्हणाली. "सगळी दुनिया सोडून हेच सापडलं तुम्हाला?"

"अगं, मेलं असतं ते तिथं."

"आणि आपल्या दारात डुक्कर दिसलं की चाळ काय म्हणेल?"

"काय म्हणेल?"

"एरवी जे मनात म्हणते ते तोंडावर म्हणेल. आयतं कोलीत कशाला देताय त्यांच्या हातात?"

बाबा पिल्लाला मांडीवर घेऊन बसले. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आईनं हात टेकले, पण अट घातली. घराला वास येता कामा नये. ज्या दिवशी चाळीतून एक तक्रार येईल आणि ती खरी ठरेल, त्या दिवशी हे जनावर घरातून जाणार, मग कुणी कितीही रडो. बाबा हसून म्हणाले, मग नावच सुवासिक ठेवू, आणि तिचं नाव बकुळा ठेवलं. मी चौदा वर्षांची होते. ती अट पाळायचं काम माझ्यावर आलं.

त्या कामात मी इतकी तरबेज झाले की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. पहिली गोष्ट, डुक्कर आपल्या निजायच्या जागी कधीही घाण करत नाही. लाकडाची फळांची पेटी एका बाजूनं कापून तिच्यात मी सुताराकडचा भुसा भरला आणि मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. तीन दिवसांत बकुळा तिथं जायला शिकली. आमचा भाऊ याहून उशिरा शिकला होता, असं आई म्हणाली. ओला भुसा सकाळ-संध्याकाळ काढायचा, पेटी उन्हात टाकायची. निजायचं गोणपाट एक दिवसाआड धुऊन पत्र्यावर वाळत घालायचं, तिच्यासाठी तीन गोणपाटं आळीपाळीनं. आंघोळ आठवड्यातून एकदाच, रिठ्याच्या पाण्यानं, आणि अंग टिपल्यावर खोबरेल तेल, नाहीतर कातडीला कोंडा धरतो आणि कोंड्याला वास येतो. बाकीचे दिवस नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. कान मऊ कापडानं, खुरांच्या फटी जुन्या दातांच्या ब्रशनं. खाण्यात मासळी बंद, कारण मासळी खाल्ली की घाण उग्र होते. ती भाकरी, पेज, दुधीची सालं, कोबीची पानं खायची, आणि पपईची साल दिसली की तोंडानं हुं हुं करत माझ्या भोवती गोल फिरायची. तिच्या पायी आमच्या घरातही सुकट भाजणं आईनं बंद केलं. उगाच वासाला निमित्त नको, म्हणे. पलीकडून भिंतीच्या फटीतून सावंतकाकूंच्या भाजलेल्या बोंबलांचा वास रोज आमच्या घरभर पसरायचा, तो मात्र वास नव्हता, तो स्वयंपाक होता.

जमीन पुसायचं काम आईनं स्वतःकडे ठेवलं होतं, आणि ते वॉर्डाच्या पद्धतीनं. काळं फिनेल, एका बादलीला एक झाकण, पाणी दुधासारखं झालं की पुसायला घ्यायचं. मग दुसरं साधं पाणी, मग कोरडं फडकं, खिडकी उघडी. जमीन सुकेपर्यंत आत कुणी पाय ठेवायचा नाही, बकुळा तर नाहीच. तिला तेवढा वेळ मी दारापुढच्या पडवीत धरून बसत असे. "वॉर्डातसुद्धा ओल्या फिनेलावर पेशंटला चालू देत नाही आम्ही," आई सांगायची. सुरुवातीला आई तिला हातही लावत नव्हती. मग एका दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर आई जमिनीवर पाय पसरून बसलेली, बकुळाचं डोकं तिच्या मांडीवर, आणि आई तिच्या कानांना तेल लावता लावता वॉर्डातल्या सिस्टरची गाऱ्हाणी सांगत होती. मला बघून ती लाजली. "काय करणार," म्हणाली, "ऐकून तरी घेते बिचारी."

ते आठ महिने आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे होते, हे मला तेव्हा कळलं असतं तर किती बरं झालं असतं. बकुळा गुडघ्यापर्यंत आली, मग मांडीपर्यंत. कारखान्याचा भोंगा झाला की दाराशी जाऊन बाबांची वाट बघायची. आणि मग एका बुधवारी चाळ कमिटीचे सेक्रेटरी परबकाका दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. माझ्या टायफॉइडच्या वेळी याच माणसानं मला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं होतं.

"भाऊ, राग मानू नको," ते बाबांना म्हणाले. "तुमच्यात चलता, ता आमका माहीत आसा. पण चाळीत लहान पोरा आसत. वास येता रे."

"कसला वास, काका? आत या, बघा तरी."

"आत कित्याक? भायरसूनच येता."

आई आतून तीरासारखी बाहेर आली. "आमच्यात चालत नाही, परबकाका. आमच्या सात पिढ्यांत कोणी डुक्कर पाळलेलं नाही. ते पाळणारे वेगळे." मला त्या क्षणी आईचा अभिमान वाटला. आज तेच आठवलं की मान खाली जाते. स्वतःवरचा चिखल झटकताना तिनं तो आणखी कुणा तिसऱ्याच्या अंगावर टाकला होता, आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटी असं ठरलं की रविवारी सकाळी दहाला कमिटीचे चौघं घरात येऊन बघतील. वास नसेल तर जनावर राहील, असेल तर त्याच दिवशी पालिकेच्या गाडीला निरोप जाईल. बाबांना हे ऐकून हायसं वाटलं. म्हणाले, वास नाहीच तर भ्यायचं कशाला? पण त्या बुधवारपासून माझं काहीतरी बिघडलं. मला वास यायला लागला. शाळेच्या वहीला यायचा, माझ्या वेणीला यायचा, जेवताना हाताला यायचा. मी बकुळाच्या मानेत नाक खुपसून बसायचे तर तिथं खोबरेल आणि भुशाखेरीज काही नसायचं, आणि उठून दोन पावलं गेले की पुन्हा वास. आईला विचारलं तर ती म्हणाली, "नाही गं, काही नाही," पण म्हणण्याआधी ती क्षणभर थांबली होती.

रविवारी आईची सकाळची ड्युटी होती, दुपारी दोनला सुटणारी. बाबांना त्या रविवारी जादा कामावर बोलावलं होतं; त्यांनी रजा मागितली, मिळाली नाही. जाताना आईनं मला दारातून तीनदा बजावलं. "एका बादलीला एक झाकण. साध्या पाण्यानं परत पूस. बकुळाला पडवीत बांध, सुकल्याशिवाय आत घेऊ नको." मला हे सगळं पाठ होतं. अजाणतेपणी झालं असं मी म्हणू शकत नाही, आणि ते म्हणता येत नाही हेच माझं दुखणं आहे.

मी एक झाकण घालून पुसलं. सुकलं. खाली वाकले तर मला वास आला. पुन्हा पुसलं, दोन झाकणं. पुन्हा आला. तोवर साडेनऊ झाले होते. मग मी बाटलीच उलटी केली. मोरीत, कॉटखाली, पेटी ठेवायच्या कोपऱ्यात, नुसतं काळं फिनेल, पाण्यावाचून. त्यात फडकं बुडवून बकुळाचं पोट पुसलं, पाय पुसले, खुरांच्या फटीत ब्रशनं घातलं. ती अंग चोरत होती, तिला मी दटावलं. पडवीत बांधली तर ती पायाला माती लावून घेईल, म्हणून तिला आतच ठेवली. आणि वास बाहेर चाळीत जाऊ नये म्हणून खिडकी लावली, दार लोटलं. दहाला माणसं येतील, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, असं मी धरून चालले होते.

परबकाकांकडे गावाहून पाहुणे आले. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. मी पडवीत उभी राहून वाट बघत होते, मधून मधून आत डोकावत होते. बकुळा आधी जमीन चाटत फिरली, मग ओल्या लादीवरच आडवी झाली. शहाणी आहे, ओळखलं तिनं आज काय आहे ते, असं मला वाटलं. तिच्या तोंडातून लाळ गळून जमिनीवर थारोळं झालं होतं. ते माणसांना घाण दिसेल म्हणून मी पुसून घेतलं, आणि पुन्हा फिनेलानंच.

बाराला चौघं आले. परबकाका, सावंतकाकू आणि आणखी दोघे. आत येताच सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. सावंतकाकूंनी कॉटखाली वाकून बघितलं, मोरीत बघितलं, पेटीतला कोरा भुसा चिमटीत धरून बघितला.

"गो बाय माझ्ये," त्या म्हणाल्या, "माझ्या घरापरास साफ ठेवलंस हां."

"आणि जनावर बघा कसा गपगार पडला हा," परबकाका म्हणाले. "फिनेलाचो काय तो वास. बाकी काय नाय. ऱ्हवांदे. तुझ्या बाबाक सांग, कमिटीची काय हरकत नाय."

मी चौघांच्या पाया पडले. खरंच वाकून पाया पडले. ते गेल्यावर दार लावून मी बकुळापाशी बसले, तिला म्हटलं, राहिलीस गं तू, राहिलीस. तिनं डोळे उघडले नाहीत. मग तिच्या मागच्या पायांना झटके येऊ लागले.

मी तिला उठवायचा प्रयत्न केला. ती दोन पावलं चालली, भिंतीला धडकली आणि बसली. पोटाची कातडी लाल झाली होती. पपईची साल तोंडाशी धरली, तिनं हुंगलीसुद्धा नाही. कुणाला हाक मारावी हे मला कळेना. चाळीला बोलावलं आणि त्यांनी परत येऊन काही बघितलं तर, हाच विचार डोक्यात. अडीच वाजता आई आली. तिनं दारातच श्वास घेतला आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"किती घातलंस?"

मी रिकामी बाटली दाखवली.

आईनं खिडकी धाडकन उघडली. तेवढं मोठं जनावर एकटीनं ओढत मोरीत नेलं आणि खळीच्या साडीसकट तिच्याशेजारी बसून तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली. पिंप संपलं, मी शेजारून बादल्या आणल्या. बाबा आले ते तसेच तबेल्यातल्या म्हशींच्या डॉक्टरकडे धावले. डॉक्टर म्हणाला, डुकरासाठी मी येत नाही. बाबा परत आले तेव्हा ऊन अजून पत्र्यावर होतं, आणि बकुळा आईच्या मांडीवर डोकं ठेवून संपली होती. तिच्या अंगाला धुऊन धुऊनही फिनेलाचाच वास येत होता.

बाबांनी तिला गोणपाटात गुंडाळून खाडीकडे नेलं. सावंतकाकू दारात येऊन रडल्या, खरंखुरं रडल्या. "आत्ताच तर बघलंय गो मी तिका," म्हणत राहिल्या. आईनं मला मारलं नाही. मी तिला म्हटलं, आई, मार मला. ती म्हणाली, "हात पाय धू, साबण लाव." त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती मरेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. रागावली असती तर मी कधीतरी सुटले असते. माझं लग्न झालं, मुलं झाली, आईच्या शेवटच्या आजारात मी तिचं सगळं केलं, आणि तरी आमच्या दोघींच्या मध्ये ते कायम पडून होतं.

आम्ही पेटी मोडून टाकली, गोणपाटं देऊन टाकली. घर पुन्हा आधीसारखं तिघांचं झालं. पंधरा-वीस दिवस झाले असतील. संध्याकाळी बाबा चहा पीत होते आणि परबकाका दारात आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "भाऊ, राग मानू नको. बायका म्हणतत, अजून वास येता."

"जनावर जाऊन पंधरा दिवस होऊन गेले, काका," बाबा म्हणाले.

"ता माका माहीत आसा रे. पण येता. काय करू सांग."

ते गेले. मला वाटलं, आई आता बोलेल, तीरासारखी बाहेर येईल, चाळीला ऐकू जाईल असं काहीतरी बोलेल. आईनं नुसती बादली भरली. एक झाकण घातलं. दोन फडकी भिजवून पिळली आणि एक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघी खाली बसलो. मी दारापासून सुरुवात केली आणि पुसता पुसता, कुणी बघत नाही असं वाटून, जमिनीला नाक लावून हुंगलं. काही नव्हतं. आणखी वीतभर पुढे सरकून पुन्हा हुंगलं. मान वर केली तर कॉटच्या पलीकडे आई गुडघ्यांवर वाकली होती, आणि तीही हुंगत होती.